बाहीवर शिवलेली वर्षं

घरी पाहुणे आले आणि कुणी मुलांकडं बघून "हा कितवीला?" असं विचारलं, तर आमची आजी इयत्तेच्या भानगडीत पडायची नाही. "धाकटा कब आहे, त्याच्यावरची बुलबुल, ही गाईड, आणि थोरल्याचं द्वितीय सोपान झालं मागच्या महिन्यात," असं ती एका दमात सांगायची. पाहुण्यांना त्यातलं निम्मंच कळायचं. आम्ही मात्र ताठ उभे राहायचो, कारण आजीच्या तोंडून आमची स्वतःची कमाई चारचौघांत सांगितली गेलेली असे.

हे फलटणचं घर. बाबा आणि काका एकत्र राहत होते, त्यामुळं सख्खी-चुलत मिळून मुलांची रांग लांबलचक. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. गावात शाळेशाळेतून भारत स्काउट्स आणि गाइड्सची पथकं चालत होती, आणि आमच्या घरातलं मूल पाच-सहा वर्षांचं झालं की त्याला शाळेच्या दप्तराबरोबर गळ्यातला स्काउट स्कार्फही मिळायचा. आज आम्ही भावंडं पुणे, सातारा, ठाणे, कोल्हापूर अशी पांगलो आहोत. दिवाळीत एकत्र जमलो की शाळेतल्या टक्केवारीचा विषय कुणीच काढत नाही. कुणाला कुठलं सोपान कधी मिळालं, हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ आहे.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी ही चढण नीट सांगायला हवी. लहान वयाचे मुलगे कब आणि मुली बुलबुल. दहाव्या वर्षापासून मुलगे स्काउट, मुली गाईड. त्यापुढं पंचविशीपर्यंत रोव्हर आणि रेंजर. प्रत्येक टप्प्याच्या आत पुन्हा पायऱ्या. कबांना प्रथम ते चतुर्थ चरण. बुलबुलांना कोमल पंख, रजत पंख, स्वर्ण पंख आणि शेवटी हीरक पंख. स्काउट-गाईडना आधी प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यावर राज्य पुरस्कार, आणि सगळ्यांत वर राष्ट्रपती पुरस्कार. एका सोपानावर सहा-नऊ महिने काम केल्याशिवाय पुढच्याची चाचणी देता येत नसे. पोर कितीही हुशार असो, मधली पायरी गाळून वर जायची सोय नव्हती. आणि पोर कितीही मंद असो, त्याला कुणी खालच्या पायरीवर कायमचं बसवूनही ठेवत नसे.

लहानांची पायरी लहानांच्या उंचीचीच असायची. कबांच्या बैठकीत कबमास्तरांना 'अकेला' म्हणायचं, कारण ती सगळी दुनिया मोगलीची. रडयार्ड किपलिंगचा जन्म 1865 साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला. त्याचं 'जंगल बुक' 1894 साली आलं, आणि 1916 साली बेडन-पॉवेलनं सर्वांत लहान मुलांसाठी वेगळी शाखा काढली तेव्हा तिचा सगळा थाट त्या पुस्तकातून उचलला. आम्हाला हे फार नंतर समजलं. तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक होतं की आमच्यात एक बगीरा आहे, एक बल्लू आहे, आणि आपण सगळे एका टोळीतले आहोत. त्या वयात मिळवायचं काय, तर दात स्वतः घासणं, नखं वेळेवर कापणं, बुटाची नाडी बांधणं, सुईत दोरा ओवून बटण लावणं, चेंडू झेलणं, दोरीच्या उड्या मारणं, बी पेरून रोप वाढवणं. आमच्या धाकट्यानं डालड्याच्या डब्यात घेवड्याचं बी लावलं होतं. रोज सकाळी उठल्या उठल्या तो डब्याजवळ उकिडवा बसायचा. कोंब वर आला त्या दिवशी त्यानं गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन वर्दी दिली. ज्या वयात मुलाच्या हातात स्वतःचं म्हणावं असं काहीच नसतं, त्या वयात त्याला आपण केलेली एक गोष्ट जगाला दाखवता आली, आणि तिची नोंद एका मोठ्या माणसानं वहीत सहीनिशी घेतली. सहा वर्षांच्या मुलाला याहून मोठा मान काय द्यायचा?

बाबा आणि काका यांच्या काळी पायऱ्यांची नावं निराळी होती. कोमलपद, ध्रुवपद आणि गुरुपद. काका ध्रुवपदापर्यंत पोचले होते, बाबा गुरुपदापर्यंत, आणि चाळिशी उलटली तरी दोघांत त्यावरून गमतीची चढाओढ चाले. रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर बसून बाबा आम्हाला या चळवळीची हकिकत सांगायचे. इंग्लंडमध्ये 1907 साली ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेलनं मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. दोनच वर्षांनी, 1909 साली बंगळूरमध्ये पहिलं पथक निघालं. पण त्या पथकांची दारं सुरुवातीला भारतीय मुलांना बंद होती. मग 1916 साली ॲनी बेझंट आणि अरुंडेल यांनी मद्रासला भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली. अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी 1918 साली सेवा समितीची स्काउट संघटना उभी केली. स्वातंत्र्यानंतर हे सगळे प्रवाह 7 नोव्हेंबर 1950 रोजी एक झाले आणि भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था जन्माला आली. मुलींची गाईड संघटना तिच्यात 15 ऑगस्ट 1951 रोजी आली. बाबांचं सांगणं संपता संपता एक वाक्य ठरलेलं असे, "आपल्या मुलांना आत घेत नव्हते, म्हणून आपल्या माणसांनी स्वतःची पायरी बांधली. तिच्यावर चढताना पाय नीट ठेवा." ते ऐकताना आम्हाला आपल्या साध्या गणवेशाचं मोल वाढल्यासारखं वाटायचं.

गणवेशाचीही एक गोष्ट आहे, आणि आमच्या घरात वाढलेल्या सगळ्यांना ती आठवते. एवढ्या मुलांना दरवर्षी नवे कपडे शिवणं शक्य नव्हतं. दादाला आखूड झालेला शर्ट काकांच्या मधल्याकडं जायचा, त्याच्याकडून माझ्याकडं. पण तो माझ्या हाती पडण्याआधी आई एक काम न चुकता करायची. खिडकीच्या उजेडात बसून, ब्लेडच्या टोकानं बाहीवरच्या पदकांचे टाके एकेक करून उसवायची. प्रावीण्य पदकं म्हणजे कापडाच्या छोट्या गोल चकत्या. त्या निघाल्या की खाली मूळ रंगाचे ठसठशीत गोल उमटलेले दिसायचे, कारण भोवतालचं कापड उन्हानं आणि धुण्यानं विटलेलं असे. आणि टाक्यांच्या बारीक भोकांची एक कड त्या गोलाभोवती राहायची. चकत्या आई एका पितळी डबीत ठेवून दादाला परत द्यायची. "शर्ट तुझ्या भावाचा चालेल तुला, पदक नाही चालणार," ती म्हणायची. तो शर्ट घालून आम्ही बैठकीला जायचो तेव्हा बाहीवरच्या त्या रिकाम्या गोलांची आम्हाला चांगलीच जाणीव असे. मला पहिलं पदक मिळालं ते सायकलस्वाराचं. आईनं ते त्याच एका जुन्या गोलावर शिवलं, आधी कच्चा धावदोरा घालून आणि मग कडेनं हेम मारून. शिवून झाल्यावर तिनं बाही दोन्ही हातांनी ताणून बघितली आणि शर्ट माझ्या अंगावर स्वतः चढवला.

पदकांची नावं आज उच्चारली तरी तोंडाला चव येते. स्वयंपाकी, धोबी, माळी, सायकलस्वार, दुभाषी, वाटाड्या. यातलं कुठलंही काम हलकं नव्हतं आणि कुठलंही काम फक्त मुलींचं किंवा फक्त मुलांचं नव्हतं. आमच्या पिढीतल्या घरांवर याचा परिणाम फार खोल झाला. दादा स्वयंपाकी पदकासाठी तयारी करत होता तेव्हा महिनाभर रविवारची पिठलं-भाकरी त्याच्या हातची. भाकरी थापताना पहिल्या दिवशी तिचा नकाशा झाला, पण आजीनं कुणाला हसू दिलं नाही. ती त्याच्या शेजारी पाटावर बसली, पिठाला गरम पाणी किती, मळायचं किती वेळ, परातीत थापताना हात कसा फिरवायचा, सगळं दाखवलं. चाचणीला बाहेरच्या शाळेचे परीक्षक आले होते. त्यांच्यापुढं दादानं फुगलेली भाकरी ठेवली. पुढं त्याचं लग्न झालं, संसार झाला, आणि आजही त्यांच्या घरात भाकरी कुणी करायची हा प्रश्न नसतो. ज्याला वेळ असेल तो करतो. आमच्या सगळ्याच भावांच्या घरात असं आहे. आमच्या बरोबरीच्या पुरुषांमध्ये हे तेव्हा सहजासहजी दिसत नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दोऱ्या आणि गाठी यांनी तर घराचा ताबाच घेतला होता. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, शीपशँक, फिशरमन्स नॉट, बोलाईन ही नावं आजीलाही पाठ झाली होती. रीफ नॉट सपाट बसते, म्हणून जखमेच्या पट्टीला तीच बांधायची. एक दोरी जाड आणि एक बारीक असेल तर शीट बेंड. खांबाला बांधणी सुरू करायची तर क्लोव्ह हिच. आणि बोलाईन सगळ्यांत महत्त्वाची, कारण तिचा फास आवळत नाही. माणसाच्या कमरेला बांधून त्याला विहिरीतून वर ओढता येतं. बाजेच्या पायाला, खिडकीच्या गजाला, गोठ्यातल्या खुंटाला, जिथं जागा मिळेल तिथं आम्ही गाठी बांधत असू. काकूनं एकदा आडाचा पोहरा बोलाईननं बांधून घेतला, आणि दोरी बदलेपर्यंत तो सुटला नाही. त्या दिवशी आमची विद्या घरात प्रमाण मानली गेली.

ताईची गोष्ट स्वतंत्र सांगावी अशी आहे. गाईड झाल्यावर तिचं पहिलं मुक्कामी शिबिर आलं, तेव्हा घरात दोन दिवस चर्चा चालली. मुलीनं रात्री तंबूत राहायचं, ही कल्पनाच नवीन. आत्या तेव्हा माहेरपणाला आलेली होती, तिनं विषय मिटवला. "मला कुणी पाठवलं नाही, म्हणून मी आजही एसटीनं एकटी जायला घाबरते. हिला जाऊ द्या," एवढंच ती म्हणाली. ताई गेली. तंबूच्या मेखा ठोकून आली, पहाटे उठून पथकासाठी चूल पेटवून आली, शेकोटीच्या कार्यक्रमात नाटुकलं करून आली. पुढच्या वर्षी त्यांचं पथक पुण्याला 'संगम' बघायला गेलं. जगभरातल्या गाईड संघटनेची जी मोजकी जागतिक केंद्रं आहेत त्यांतलं एक आळंदी रस्त्यावर, पुण्यात आहे, आणि ते 1966 पासून चालू आहे. तिथं ताईला परदेशातून आलेल्या मुली भेटल्या. त्यांच्या बाहीवरही पदकं होती, आणि त्यांनीही डावा हात पुढं केला. स्काउट-गाईडचं हस्तांदोलन डाव्या हातानं होतं, हे आम्ही कब-बुलबुल असल्यापासून शिकलेलो. फलटणच्या मुलीचा आणि समुद्रापलीकडच्या मुलीचा हात एकाच रीतीनं पुढं येतो, हे बघून ताई घरी आली ती वेगळीच होऊन आली. पुढं तिनं राज्य पुरस्कार मिळवला. नोकरीच्या निमित्तानं ती एकटीनं निम्मा देश फिरली.

'खरी कमाई' हा शब्द आमच्या पिढीला अजून आठवत असेल. ठरलेल्या दिवसांत मुलांनी लोकांची छोटी-मोठी कामं करून पैसे मिळवायचे आणि पथकाच्या निधीत जमा करायचे. इंग्लंडमध्ये स्काउटांनी 1949 साली असाच उपक्रम सुरू केला होता. आपल्याकडं तो खरी कमाई या नावानं रुजला. आम्ही सायकली पुसल्या, अंगणातलं गवत काढलं, शेंगा फोडून दिल्या, शाळेच्या आनंद मेळाव्यात भेळ विकली. आजीचा दंडक होता की घरातल्या कामाचे पैसे मिळणार नाहीत, ते काम आपलंच आहे. कमाई बाहेर जाऊन करायची. आणि मिळालेला रुपया कार्डावर लिहून, देणाऱ्याची सही घेऊन आणायचा. आपल्या श्रमाला किंमत आहे आणि ती किंमत स्वतःसाठी ठेवायची नाही, हे दोन्ही धडे आम्हाला एकाच आठवड्यात मिळाले. 7 नोव्हेंबरच्या झेंडा दिनाला स्टिकर घेऊन घरोघर जातानाही तेच. नकार आला तरी हसून नमस्कार करायचा, हे तिथं शिकलो.

पदभ्रमणासाठी आम्हाला ताथवड्याचा संतोषगड जवळ होता. एसटीनं पायथ्याला उतरून, होकायंत्र आणि हातानं काढलेला नकाशा घेऊन संघासंघानं वर चढायचं. संघ म्हणजे सहा ते आठ मुलांचा गट, आणि त्याचा संघनायक त्यांच्यातलाच एक. वाटेत काठीच्या साहाय्यानं झाडाची उंची काढायची, दगडांच्या आणि काटक्यांच्या खुणांवरून पुढच्या संघाचा माग काढायचा. वर पोचल्यावर बिनभांड्यांचा स्वयंपाक. निखाऱ्यांत बटाटे आणि वांगी पुरायची, कणकेचे गोळे पळसाच्या पानांत गुंडाळून विस्तवात सरकवायचे. पान करपून काळं झालं की आतला पानगा भाजला. तो गरम-गरम फोडून, त्यावर मीठ-तिखट घातलेलं वांग्याचं भरीत घ्यायचं. निघताना जिथं चूल होती ती जागा माती सारून पूर्ववत करायची. आपण येऊन गेल्याची खूण मागं राहता कामा नये, हा नियम. संघनायक सगळ्यांत शेवटी जेवायचा आणि सगळ्यांत शेवटी गड उतरायचा. बारा-तेरा वर्षांच्या मुलावर सात जणांची जबाबदारी टाकायची आणि त्यानं ती निभावली की त्याला त्याचं सोपान द्यायचं, यापेक्षा चांगलं नेतृत्वाचं शिक्षण मी नंतर कुठं पाहिलं नाही.

पण आमच्या गावच्या स्काउट-गाईडांची खरी चाचणी आषाढात व्हायची. ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला येते. तळावर लाखांचा समाज उतरतो. पथकांना कामं वाटून दिलेली असत. कुणी पाण्याच्या टाकीपाशी, कुणी रस्ता दाखवायला, कुणी हरवलेल्यांच्या तंबूत. मी आणि काकांचा मधला प्रथमोपचाराच्या तंबूत होतो. एक म्हातारे वारकरी आले. पायाला चपला नव्हत्या, दोन्ही तळव्यांना टरारून फोड आलेले. मधल्यानं त्यांना खोक्यावर बसवलं, कोमट पाण्यानं पाय धुतले, कापसानं टिपले. फोड फोडायचे नाहीत, हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो. त्यानं भोवती कापसाची गादी केली, वरून स्वच्छ पट्टी गुंडाळली आणि रीफ नॉट मारून तिचं टोक आत खोचलं. म्हातारबाबा उठले, दोन पावलं चालून बघितलं, आणि खाली वाकून त्यांनी मधल्याच्याच पायांना हात लावला. वारीत कुणी लहान-मोठा नसतो, सगळेच माउली. मधला चौदा वर्षांचा होता. त्यानं घाईघाईनं त्यांचे हात धरले आणि त्यांना मिठी मारली. त्या सेवेची नोंद त्याच्या वहीत तासांच्या हिशेबानं झाली, त्यावर सही झाली, आणि ती पुढच्या पुरस्कारासाठी धरलीही गेली. पण त्या रात्री घरी आल्यावर तो वहीबद्दल बोलला नाही. म्हातारबाबांबद्दलच बोलत राहिला. पुढं राष्ट्रपती पुरस्कार मिळालेला आमच्या घरातला तो एकमेव. राष्ट्रपतींच्या सहीचं ते प्रमाणपत्र काकांनी चौकट करून देवघराच्या भिंतीवर लावलं.

पदकं आणि सोपानं देण्याचा सोहळा साधा असायचा. 22 फेब्रुवारी हा बेडन-पॉवेलचा जन्मदिवस, जागतिक चिंतन दिन. त्या दिवशी शाळेच्या मैदानावर पथक ध्वजासमोर नालाकृतीत उभं राहायचं. नाव पुकारलं की पुढं जायचं, तीन बोटांची सलामी द्यायची, डावा हात मिळवायचा, पदक घ्यायचं आणि जागेवर परत यायचं. भाषणं नाहीत, हार नाहीत. वचनाची पुन्हा एकदा आठवण: धर्म आणि देश यांच्याविषयीचं कर्तव्य, इतरांना मदत, आणि नियमांचं पालन. घरचे सगळे कुंपणाशी उभे असायचे. आजी पदर डोक्यावरून घेऊन सर्वांत पुढं.

सगळ्यांना सगळं मिळालं असं नाही. दादा तृतीय सोपानापर्यंत आला आणि दहावी आली. अभ्यास, मग कॉलेज, आणि वयाची मर्यादा पुढं उभी. राज्य पुरस्काराची चाचणी त्याची राहिली ती राहिलीच. पण तो कधी खंतावलेला दिसला नाही, आणि त्याचं कारण मला आता कळतं. शाळेत आमचे नंबर लागायचे. पहिला एकच, आणि बाकीचे सगळे त्याच्या मागं. इथं कुणाचाच नंबर लागत नसे. तुझ्या वयाला हे यायला हवं, ते आलं का, एवढाच प्रश्न. नाही आलं, तर पुढच्या महिन्यात पुन्हा ये. संघातल्या आठही जणांना सोपान मिळालं तर ते कुणाच्या वाट्याचं कमी होत नसे, म्हणून आधी शिकलेला मागच्याला शिकवत बसायचा. दादानं तृतीय सोपान मिळवलं होतं ते पूर्ण मिळवलं होतं. त्याच्या वरच्या पायऱ्या उरल्या म्हणून खालच्या कमी होत नव्हत्या.

ते काय होतं हे 1993 साली दिसलं. 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा हादरला, गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली गेली. दादा तेव्हा नोकरीला लागलेला. चार मित्रांबरोबर मदतीचा ट्रक घेऊन गेला तो कित्येक दिवस तिकडंच राहिला. परतल्यावर त्यानं फारसं सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की ताडपत्र्या बांधायला, पाणी वाटायच्या रांगा लावायला आणि घाबरलेल्या पोरांना जवळ घेऊन बसवायला माणसं हवी होती, आणि ते सगळं त्याला येत होतं.

आज ही रचना मोडलेली नाही. पायऱ्या त्याच आहेत. उलट तीन वर्षांपासूनच्या चिमुकल्यांसाठी 'बनी' नावाची शाखाही जोडली गेली आहे. रेल्वेत स्काउट-गाईड कोट्यातून भरती होते, परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, म्हणून पालक चौकशी करतात. मिळतं ते घ्यावं, त्यात गैर काही नाही. पण चौकशी करणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न असतो की राज्य पुरस्कार लवकरात लवकर कसा मिळेल, आणि तो ऐकला की मी त्यांना हात जोडून थांबवतो. वही भरण्यासाठी खोटे तास लिहू नका. गाठ मुलाला बांधू द्या, भाकरी त्याला करपवू द्या, घेवड्याचं बी त्याच्याच डब्यात रुजू द्या. एक चरण आणि दुसरा चरण यांच्यामधला वेळ वाया गेलेला नसतो. मूल वाढतं ते त्याच वेळात.

मुख्याध्यापकांना आणि शिक्षकांना विनंती एवढीच, की तुमच्या शाळेत पथक असेल तर त्याला आठवड्यातला तास खराखुरा द्या, आणि नसेल तर यंदा सुरू करा. जिल्ह्याच्या भारत स्काउट्स आणि गाइड्स कार्यालयात त्याची सगळी माहिती मिळते. आणि आमच्या वयाचे जे कुणी एकेकाळचे कब, बुलबुल, स्काउट, गाईड हे वाचत असतील, त्यांनी गावातल्या शाळेत जाऊन सांगावं की मला गाठी येतात, मी येतो शिकवायला. शिक्षक कमी पडतात तिथं तुमची गरज आहे. आमच्या घरातल्या दोघांनी ते सुरू केलं आहे.